खाऊन आलोय

मुलुंड पूर्व,
३१ ऑगस्ट २०२५

चि. सुयोग,

आशीर्वाद पाठवतो आहे. काट्यावर घालून बघ आणि झेपतील तेवढेच घे.

टोपाच्या बुडाला पळी घासल्याचा आवाज तू कधी ऐकला नसशील. खर्र, खर्र, जरा थांबा, मग पुन्हा खर्र. लालबागच्या आमच्या खोलीत माझी आई पेजेचा टोप असा खरवडायची. तो आवाज आला की सगळ्यांना कळायचं, यापुढे काही नाही. मला मात्र त्यात वृत्त सापडायचं. दोन गुरू, यती, पुन्हा एक गुरू. शाळेत गुरुजींनी मात्रा मोजायला शिकवलं आणि त्यानंतर मला जगात सगळीकडे कविताच ऐकू यायला लागल्या. भुकेल्या पोराला तेवढा एक फायदा होता, कविता फुकट मिळायची.

आज सकाळी तो आवाज पुन्हा कानात आला. समोरच्या दारचा देवदत्त रविवारची पुरवणी नाचवत आला.

"नंदू, लेका, पेपरात आलास."

"मेल्याशिवाय मी कसला पेपरात येतो?"

"नाव नाय छापलं तुझं. पण सुयोग परब म्हणजे आपला सुयोग ना? कॉलेजात बायोलॉजी शिकवतो तोच? मग त्याचे वडील तूच की. का आणखी कोणी आहेत?"

खाली बाकावर बसून त्याने तुझा लेख मोठ्याने वाचला. वॉचमन ऐकत होता, दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतबाई भाजीची पिशवी घेऊन ऐकत होत्या. 'वडिलांचं ताट, माझं रक्त.' मथळा चांगला जमलाय. अष्टाक्षरीच्या जवळ जातो.

तू लिहिलंस की नर उंदरांना तेलकट-तुपकट चारलं, तर त्यांच्या पिल्लांना साखर पचवणं जड जातं. जनुकांची अक्षरं तीच राहतात, पण त्यांच्यावरच्या खुणा बदलतात, आणि बापाच्या शुक्रपेशीतून काही निरोप पोराकडे जातात. माणसांत हे अजून पक्कं नाही, असंही लिहिलंस. प्रामाणिक आहेस. पण पुढच्याच परिच्छेदात माणूस आला आणि तो मी निघालो. "गिरण्यांचा संप चालू असताना, घरची माणसं पेजेवर असताना, माझे वडील रोज बाहेर पोटभर जेवून येत. त्याच काळात माझा जन्म झाला. तेहतिसाव्या वर्षी मला मधुमेह निघाला."

सावंतबाईंनी माझ्या पोटाकडे बघितलं. मी शर्ट सारखा केला.

आणि शेवटचं वाक्य. "म्हणूनच मी स्वतः बाप न होण्याचा निर्णय घेतला आहे."

तिथे देवदत्तने बोट ठेवून पुरवणी माझ्यापुढे धरली. त्याला मोठ्याने वाचायची लाज वाटली असावी.

एवढंच विचारतो. बायकोला, नमिताला, हे आधी सांगितलं होतंस, की तिनेही पुरवणीतच वाचलं?

बाबा

*

मुलुंड पूर्व,
९ सप्टेंबर

सुयोग,

उत्तर नाही. फोन तर तू दोन वर्षं उचलत नाहीस. मुलुंडहून बोरिवलीला पत्र पोचायला लागतात तेवढ्या दिवसांत आमचा चाकरमानी गणपतीला गावी जाऊन, भजन म्हणून, पोट बिघडवून परत यायचा. तरी लिहितो. रिटायर माणसाला दुसरं काम काय?

काल पितृपक्ष लागला. दोन वर्षांपूर्वीचा आपल्याकडचा म्हाळ तुला आठवत असेल. तुझी आई जाऊन वर्ष झालं होतं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, सगळं मी आणि नमिताने मिळून केलं होतं. पितरांचं पान वाढून झालं, आपण बसलो, आणि तू बॅगेतून तो चपटा वजनकाटा काढलास. त्यावर वाटी ठेवून भात तोललास. जास्त झाला म्हणून चार शितं परत भांड्यात टाकलीस. तुझ्या आजोबांच्या फोटोसमोर. त्या माणसाने जन्मात पोटभर भात बघितला नव्हता रे.

मी म्हटलं, "सोनाराच्या दुकानात आलायस काय?"

तू म्हणालास, "तुमच्या खाण्याचं मी भोगतोय, बाबा. कुणीतरी कुठेतरी थांबायला नको?"

मग माझंही तोंड सुटलं. "बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, म्हणतात. तू बाप समोर बसलेला असताना श्राद्ध घालतोयस. मग मी मेल्यावर तरी माझा म्हाळ घालू नकोस." तू उठलास. नमिता हातातला वडा तसाच धरून कितीतरी वेळ बसली होती. गेल्या वर्षी तू आला नाहीस. मी म्हटलेलं तू अक्षरशः घेतलंस, शाळेत पाठांतरातही इतका पक्का नव्हतास.

असो. तुझा लेख मी मागवून घेऊन स्वतः वाचला, एकदा नाही, अनेकदा. खुणांचं ते मला समजलं. आमच्या वेळी मराठीचं पुस्तक वरच्या वर्गातल्या मुलाकडून जुनं घ्यायची पद्धत होती. माझ्या पुस्तकात आधीच्या मुलाने कवितांमध्ये पेन्सिलीने उभ्या रेघा मारल्या होत्या, कुठे थांबायचं त्याच्या. एका ओळीत त्याची रेघ चुकली होती. शब्द कवीचेच, पण मी वर्षभर त्या चुकलेल्या जागी थांबत राहिलो. गुरुजी म्हणाले, "परब, कवी तिथे दमला नाही, तू का दमतोस?" तुझं ते विज्ञान एवढंच सांगतं ना? कविता तीच, रेघ आधीच्याची.

पण रेघ पेन्सिलीची होती, सुयोग. खोडरबर नावाची वस्तू होती. पुढे माझ्या धाकट्या बहिणीने तेच पुस्तक वापरलं. तिला कविता आवडत नव्हत्या, तिने सगळ्याच रेघा खोडून तिथे चिमण्या काढल्या. आधीच्याने रेघ चुकवली म्हणून पुढच्या पोराला पुस्तकच द्यायचं नाही, हा कुठल्या शाळेतला न्याय?

आमच्या आईने आणखी एक गंमत केली होती. माझे वडील, काशीराम, पेज वाढायला घेतली की म्हणायचे, "माका खरवडच गोड लागता. तुमी पेज पिया." बुडाची करपलेली खरवड तेवढी ते खायचे. ते गेल्यावर आईने म्हाळाच्या पानावर त्यांच्या आवडीची म्हणून दरवर्षी खरवड ठेवली. कावळा कठड्यावर बसायचा, मान वाकडी करून खरवडीकडे बघायचा आणि उडून जायचा. त्यांची कुठली इच्छा राहिली म्हणून आई रडायची, "काय रवलाहा तुमचा मनातला?" बिचारीला शेवटपर्यंत कळलं नाही की माणूस आयुष्यभर खोटं बोलला असेल, तर निदान कावळा झाल्यावर खरं बोलतो.

बाबा

*

मुलुंड पूर्व,
१४ सप्टेंबर

सुयोग,

हे लिहायचं नाही असं ठरवून चाळीस वर्षं गप्प बसलो. तुझ्या आईसाठी बसलो. ती नाही, आणि तू तर छापूनच मोकळा झालास. आता कशाला राखू?

संप लागला तेव्हा मी आणि माझे बाबा दोघंही एकाच गिरणीत. घरात आई, दोन बहिणी, आणि तुझी आई रत्नप्रभा, लग्नाला वर्षही नव्हतं झालं. खाणारी तोंडं भरपूर, आणि टोप एक. खरवड बाबांनी आधीच स्वतःच्या नावावर करून घेतली होती. मग मला काय उरलं? मी दुसरी युक्ती काढली. संध्याकाळी घरी शिरताना उंबऱ्यावरच म्हणायचं, "मी खाऊन आलोय."

कुठे? कधी युनियनच्या ऑफिसात वडापाव होता, कधी जुना दोस्त भेटला, त्याने खानावळीत नेलं. रोज नवीन सोय. मला रचायला आवडायचंच. खरं तर मी राणीच्या बागेच्या भिंतीला टेकून बसायचो आणि शाळेतल्या कविता म्हणायचो, एकामागून एक, पहिलीपासून. पावसाच्या, फुलपाखराच्या, गावाच्या वाटेच्या. जेवणाचा उल्लेख असलेल्या वगळायचो. पाठ असलेल्या संपल्या की उठायचो. वाटेत सार्वजनिक नळावर पोट गच्च होईस्तोवर पाणी प्यायचो, आणि खोलीच्या दारात येऊन एक ढेकर द्यायचो. पाण्याचा आणि हवेचा. तो ढेकर मी इतका घोटला होता की गाण्यातल्या तानेसारखा हुकमी यायचा.

तुझ्या आईला त्या ढेकराचा राग यायचा. "बाहेर चापून येतात आणि वर आम्हाला ऐकवतात," ती आईला म्हणायची. मी ऐकायचो. बरं वाटायचं. चिडलेली बाई माझ्या वाटची पेज पिऊन टाकायची, कणव आली असती तर ठेवून दिली असती. पुढे तुझी चाहूल लागली, तेव्हा तर मी ढेकर दोन दोन द्यायला लागलो.

नंतर मुलुंडच्या कारखान्यात लागलो. तिथल्या कँटीनमध्ये भात मागाल तेवढा मिळायचा. हो, मी खाल्लं. हावऱ्यासारखं खाल्लं. रविवारी मटणाच्या वाटीवर वाटी. तुला जो बाप आठवतो तो हा, ताटावर वाकलेला, बोटं चाटणारा. तुझी आई तुला भरवताना सांगायची, "तुझ्या बापाची भूक तेव्हाही अशीच. आम्ही पेज प्यायचो आणि हे खाऊन यायचे." मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत असायचो.

तेव्हाच का नाही बोललो? एकदा तोंडापर्यंत आलं होतं. पण मग विचार केला, ती पेज तिने पिऊन झाली, पचून झाली, तिच्यावर तू वाढलास. आता सांगितलं तर तो प्रत्येक घोट तिच्या घशात परत येईल. राहू दे. राहू दे म्हणता म्हणता मलाच ताठा चढला. इतकी वर्षं एका ताटावर बसतेय आणि हिला एकदाही शंका येऊ नये? माझी बरगडी दिसायची तेव्हा. तिला ढेकर ऐकू आला, बरगडी दिसली नाही. बायको म्हणून हे मी तिला कधी माफ केलं नाही. तिने मला वड्यासाठी केलं नाही. कारण शेवटच्या आजारपणात, तू कॉलेजला गेला होतास त्या दुपारी, ती म्हणाली, "अहो, तेव्हा एखादा वडा माझ्यासाठी कागदात गुंडाळून आणला असतात, तर काय बिघडलं असतं?"

मी म्हटलं, "चुकलं गं."

आणखी काय म्हणणार?

तर तू ज्या ताटाबद्दल पेपरात लिहिलंस, प्राध्यापक, ते ताट रिकामं होतं. आणि गंमत बघ. तुझ्याच लेखात खाली बारीक टाइपात चौकट आहे, ती देवदत्तने वाचली नव्हती. नर उंदरांना अर्धपोटी ठेवलं, प्रथिनं तोडली, तरी पिल्लांच्या यकृतात बिघाड दिसतो. म्हणजे मी खाल्लं असतं तरी गुन्हेगार मीच, आणि नाही खाल्लं तरी मीच. बापाला सुटायला एक फट तरी ठेवायची होतीस रे.

तुला साखर माझ्यामुळे असेल. नसेलही. तुझी आजी साखरेनेच गेली, आईकडचीही, पण आज्यांवर लेख लिहीत नाहीत. मला एवढंच सांगायचंय, माझं नाव पुढे करून पोराला नाही म्हणू नकोस. नको असेल तर नको म्हण, तुझं तू म्हण. माझ्या ताटाआड लपू नकोस. त्यात काही नव्हतं.

बाबा

*

मुलुंड पूर्व,
२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या

सुयोग,

तुझे दोन मेसेज आले. दोन वर्षांनी फोन वाजला आणि पडद्यावर तुझं नाव दिसलं, तेव्हा चष्मा सापडेना.

पहिला असा. "बाबा, हे खरं असेल तर निरीक्षण म्हणून महत्त्वाचं आहे. साधारण कधी ते कधी उपाशी होतात, दिवसाला अंदाजे काय खात होतात, आठवेल तसं कळवा." मी हसलो. एकटाच. देवदत्त दारातून डोकावून म्हणाला, "काय रे, जोक आला काय?" म्हटलं, हो, मुलाने पाठवलाय. म्हणजे मी आता तुझा उंदीर. बढतीच म्हणायची, आधी नुसता आरोपी होतो.

दुसरा मेसेज बऱ्याच वेळाने आला. "आईला माहीत होतं?"

नाही.

एवढंच उत्तर आहे. पहिल्या मेसेजचं देणार नाही. दुसरा पाठवलास, ते बरं केलंस.

आज सकाळी गच्चीत पान ठेवलं. सुनेशिवाय, लेकाशिवाय, एकट्याने वडे थापले. त्यांना भोकं पाडली ती बघून सावंतबाई म्हणाल्या, "परब, वडे आहेत की बटणं?" यंदा खरवड ठेवली नाही. टोपातला वरचा मऊ भात घेतला, त्यावर तुपाची धार सोडली, बाजूला खीर. म्हटलं, "बाबा, पुरे झालं नाटक. खा." कावळा आला. कठड्यावर बसला नाही, मान वाकडी केली नाही. सरळ भातात चोच घातली.

मी खाली येऊन हे पत्र लिहायला घेतलं. तुला काहीतरी कडू लिहायचं होतं, निरीक्षणाबद्दल. दोन-तीन वाक्यं मनात चांगली जुळलीही होती. तेवढ्यात बेल वाजली. वाटलं देवदत्त असेल, वड्याच्या वासाने आला असेल.

आता पुढचं लिहितोय ते तासाभराने.

दारात नमिता होती. एकटी. खांद्यावर कापडी पिशवी, चपला चिखलाने भरलेल्या, तोंड सुकलेलं. बसने आली म्हणाली. मी विचारलं, "सुयोग?" तिने मान हलवली. बसली. पंखा लावायला उठलो तर म्हणाली, "बाबा, मला दिवस गेलेत. परवा त्याला सांगितलं."

"मग?"

"मला वाटलं, रागावेल, नाहीतर रडेल. लेख लिहून बसलाय ना, काय करणार. दोन्हीला तयार होते मी. मग विचारतो कसा, 'नमे, त्या दिवसांत मी काय काय खाल्लं होतं गं? कॉलेजातल्या स्वरदाच्या लग्नात जिलबी खाल्ली होती ना मी?' काल दिवसभर तेच. कॅलेंडर काढून बसलाय. बाबा, मी कशी आहे ते नाही विचारलं त्याने. एकदा पण नाही."

मी म्हटलं, "वर्सोव्याला आईकडे नाही गेलीस?"

"आमच्या कमळाबाईकडे? मासळी बाजारातनं कोयता घेऊन थेट बोरिवली गाठली असती तिने. तुमच्या लेकाचं कालवण केलं असतं." हसली जरा. मग म्हणाली, "तुमची पत्रं वाचली मी. तो टेबलावरच टाकतो. म्हणून आले."

सुयोग, ती इथे आहे हे तुला कळवू नका असं ती म्हणाली नाही. कळवा, असंही म्हणाली नाही. मी माझ्या जबाबदारीवर कळवतोय. घाबरायचं ते घाबरून घे. जिलबी खाल्ली होतीस, मी त्या लग्नात नव्हतो पण सांगतो, दोन तरी खाल्ली असशील, कारण तू माझा मुलगा आहेस. पोराच्या पुस्तकात तेवढी पेन्सिलीची रेघ असेल, तर असू दे. तिथे चिमणी काढता येते.

मी तिला विचारलं, "जेवलीस का गं?"

तिने पदर नाही, पण ओढणी सारखी केली, माझ्याकडे न बघता पिशवीच्या बंदाशी खेळत म्हणाली, "हो बाबा. मी खाऊन आलेय."

ते वाक्य कोणत्या सुरात म्हणतात, ते या जगात माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. ढेकर तेवढा द्यायचा राहिला.

आज सर्वपित्री. दारात आलेल्याला या दिवशी उपाशी बसू देत नाहीत. मी उठून टोप चढवला आहे. पेजेचा नाही, भाताचा, मोठा. हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर ती कितीतरी वेळा जेवलेली असेल. तू येणार असशील तर ये. काटा आणू नकोस. आणि उंबऱ्यावर मी विचारलं, तर खरं सांग.

बाबा